घासाघीस भावात, मापात नव्हे

पेढीवर आलेल्या गिऱ्हाइकाशी आपण भावाची घासाघीस करतो. दोन पैसे सोडतो, प्रसंगी चार सोडतो. उधारीची मुदत वाढवितो. जुना संबंध ध्यानी घेऊन वटाव देतो. ह्यात कोणालाही अप्रामाणिकपणा दिसत नाही. परंतु 'गज थोडा आखूड करा' असे कोणी सुचविले, तर तोच शांत स्वभावाचा व्यापारी संतापून उठतो. भाव हा व्यवहाराचा विषय आहे, माप हा धर्माचा. गृहस्थाच्या अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार आपल्या शास्त्रकारांनी सांगितले आहेत, त्यांत खोट्या वजनमापांचा समावेश आहे. भाव कमी करून घेण्याचा नाही.

हाच भेद राजकारणाला लावून पाहावा, असे आम्हांला पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे. निमित्तही घरचेच आहे. व्यक्तीचे स्वातंत्र्य, खाजगी मालमत्ता आणि मोकळा व्यापार ह्या तत्त्वांवर उभा राहिलेला स्वतंत्र पक्ष एके काळी गुजरातेत सत्तेच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला होता, आणि अवघ्या पंधरा वर्षांत नामशेष झाला. तत्त्वाला घट्ट धरून बसल्यामुळे तो बुडाला असे काहींचे म्हणणे. तत्त्व सोडून तडजोडी केल्यामुळे बुडाला असे इतरांचे. व्यापारी समाजाने ह्या प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे. कारण सरकारदरबारी अर्जविनंत्या करण्याचा प्रसंग आपल्यावर दरवर्षी येतो, आणि तेव्हा काय सोडावे व काय सोडू नये हा पेच आपल्याही पुढे असतोच.

जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने सहकारी संयुक्त शेतीचा ठराव केला. शेतकऱ्याची जमीन आज संयुक्त होईल, उद्या दुकानदाराचे दुकान होईल, ही भीती त्या वेळी अनेकांच्या मनात उभी राहिली. चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजे राजाजी, तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. ४ जून १९५९ रोजी मद्रासेत त्यांनी नव्या पक्षाची घोषणा केली. प्राध्यापक एन. जी. रंगा अध्यक्ष झाले, मिनू मसानी सरचिटणीस झाले, आणि कन्हैयालाल मुनशी यांच्यासारखी मंडळी सामील झाली. 'लायसन्स-परमिट-कोटा राज' हा राजाजींचा शब्दप्रयोग पुढे घराघरांत पोहोचला. पक्षाने एकवीस मूलभूत तत्त्वे जाहीर केली आणि त्यांबाहेरच्या प्रश्नांवर प्रत्येक सदस्याला आपले मत बाळगण्याची मुभा ठेवली. आमच्या मते ही योजना शहाणपणाची होती. माप एकवीस कलमांत लिहून ठेवले, आणि उरलेल्या साऱ्या गोष्टी भावाच्या म्हणून सोडून दिल्या.

तडजोड मात्र जन्मापासूनच सुरू झाली. मोकळ्या बाजाराचा हा पक्ष ओरिसा, राजस्थान, बिहार येथे पुष्कळसा माजी संस्थानिकांच्या बळावर उभा राहिला. बिहारात रामगढच्या राजांनी आपला पक्ष त्यात विलीन केला. १९६२ मध्ये तेथे पन्नास जागा मिळाल्या, आणि थोड्याच वर्षांत राजेसाहेब निघून गेले. शुद्धतावादी नाक मुरडीत राहिले. तरीही आम्ही ह्याला दोष देणार नाही. गुजरातेत वल्लभ विद्यानगरचे निर्माते भाईलालभाई पटेल, म्हणजे भाईकाका, यांनी पाटीदार शेतकरी व क्षत्रिय समाज ह्यांना एका छत्राखाली आणले, ती देखील तडजोडच होती. तिचे फळ आकड्यांत दिसते. १९६२ च्या विधानसभेत १५४ पैकी २६ जागा मिळाल्या; १९६७ मध्ये १६८ पैकी ६६. त्याच वर्षी लोकसभेत पक्षाचे ४४ सदस्य निवडून आले व तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला. गुजरातच्या २४ जागांपैकी १२ त्याच्या वाट्याला आल्या, काँग्रेसला ११. एकवीस तत्त्वांपैकी एकही तत्त्व ह्यासाठी खोडावे लागले नव्हते. माणसे वेगवेगळ्या वाटांनी आली, पण तराजू एकच राहिला.

आता सुरतेकडे वळू. १९५७ पासून मोरारजीभाई देसाई लोकसभेत सुरतेचे प्रतिनिधी होते आणि पुढे सलग पाच निवडणुका ते येथूनच जिंकले. जानेवारी १९६३ मध्ये, चीनच्या आक्रमणानंतर, ते अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचा हुकूम निघाला. चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी आली. परकीय चलन वाचावे, चोरटी आयात थांबावी, हा मोरारजीभाईंचा हेतू होता आणि त्यांच्या सचोटीविषयी विरोधकांनीही शंका घेतली नाही. पण देशभर असंख्य सोनारांची भट्टी विझली. घरात लग्न निघाले की चौदा कॅरटचे मंगळसूत्र घ्यावे काय, ह्यावर आपल्याही घरांतून वाद झाले असतील. चौदा कॅरटची अट १९६६ मध्ये गेली. पण मोरारजीभाई पुन्हा अर्थमंत्री असताना १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा कायदाच झाला. परवाने, नोंदवह्या, जाहीर करावयाचा साठा हा सारा पसारा सराफाच्या गादीशेजारी कायमचा येऊन बसला. स्वतंत्र पक्ष ज्या राजवटीविरुद्ध उभा होता, तिचे ह्याहून ठळक उदाहरण सुरतेच्या बाजारात सापडले नसते.

१६ जुलै १९६९ रोजी इंदिरा गांधींनी मोरारजीभाईंकडून अर्थखाते काढून घेतले, आणि १९ जुलैस चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याविरुद्ध स्वतंत्र पक्षाचे पदाधिकारी रुस्तम कावसजी कूपर बँकांचे भागधारक ह्या नात्याने सर्वोच्च न्यायालयात गेले. नानी पालखीवालांनी त्यांची बाजू मांडली. १० फेब्रुवारी १९७० रोजी अकरा न्यायमूर्तींपैकी दहांनी कायदा घटनाबाह्य ठरविला. तत्त्वाचा विजय पूर्ण होता, पण चारच दिवसांत नवा वटहुकूम निघाला आणि बँका सरकारकडेच राहिल्या. न्यायालयात माप बरोबर ठरले तरी संसदेत संख्या नसेल तर माल हाती येत नाही, हा धडा त्यातून मिळाला. संख्येसाठी सोबती शोधणे भागच होते.

म्हणून १९७१ ची बडी आघाडी झाली. संघटना काँग्रेस, जनसंघ, संयुक्त समाजवादी पक्ष आणि स्वतंत्र पक्ष हे चौघे एकत्र आले. इंदिरा गांधींना हटविणे ह्यापलीकडे त्यांच्यात जुळणारे फारसे काही नव्हते. संयुक्त समाजवादी राष्ट्रीयीकरण अपुरे झाले म्हणत; स्वतंत्र पक्ष ते मुळातच नको म्हणे. सुवर्ण नियंत्रण आणणारे मोरारजीभाई हे आघाडीच्या अग्रणी नेत्यांपैकी एक, आणि सुवर्ण नियंत्रणाविरुद्ध बोलणारा पक्ष त्यांचा जोडीदार! सत्ता मिळाल्यास तो कायदा रद्द होईल काय, परवाना राज किती ढिले होईल, ह्यावर आघाडीने जनतेसमोर काहीही ठरवून ठेवले नाही. जागांची वाटणी झाली, मालाचा करार झालाच नाही.

निकाल सर्वांना ठाऊक आहे. सत्ताधारी काँग्रेसला ३५२ जागा मिळाल्या. स्वतंत्र पक्ष ४४ वरून ८ वर आला. सुरतेतून मोरारजीभाई निवडून आले, पण राजकोटहून मसानी पडले. गुजरातेत धंधुक्याहून एच. एम. पटेल आणि गोध्र्याहून पिलू मोदी, असे दोघेच उरले. मसानींनी अध्यक्षपद सोडले. डिसेंबर १९७२ मध्ये राजाजी गेले. १९७४ मध्ये पक्ष चौधरी चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन झाला. महाराष्ट्रातील काही निष्ठावंतांनी ते मानले नाही व आपली पणती वेगळी तेवत ठेवली.

विलीनीकरणाचे समर्थक म्हणत, की दार बंद ठेवून तत्त्व जपण्यापेक्षा आत जाऊन काही करून दाखवावे. तशी संधी आली देखील. १९७७ मध्ये मोरारजीभाई पंतप्रधान झाले, आणि अर्थमंत्री झाले एच. एम. पटेल, म्हणजे जुन्या स्वतंत्र पक्षाचा एक प्रमुख आधारस्तंभ. आयातीचे काही निर्बंध सैल झाले, हे खरे. परंतु जानेवारी १९७८ मध्ये एक हजार, पाच हजार व दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. त्याच वर्षी सरकारी सोन्याचा लिलाव झाला. आणि सुवर्ण नियंत्रणाचा कायदा होता तसाच राहिला. पटेलसाहेबांच्या विद्वत्तेविषयी वा हेतूविषयी आम्ही शंका घेत नाही. प्रश्न एवढाच, की सोबत जाताना आपली एक तरी अट कोणी कागदावर लिहून घेतली होती काय?

तो कायदा अखेर जून १९९० मध्ये रद्द झाला. तेव्हा अर्थमंत्री होते मधू दंडवते, म्हणजे कोकणातून निवडून येणारे आयुष्यभराचे समाजवादी. पुढच्याच वर्षी, जुलै १९९१ मध्ये, बहुतेक उद्योगांचे परवाने रद्द केले ते काँग्रेसच्या सरकारने. जे काम स्वतंत्र पक्षाच्या अर्थमंत्र्याला जमले नाही, ते त्याच्या विरोधकांनी केले. ह्यातून दोन निष्कर्ष निघतात. बरोबर माप कोणीतरी जाहीरपणे धरून ठेवले असेल, तर परिस्थितीच्या रेट्याखाली परपक्षही शेवटी त्याच मापाने मोजू लागतो. आणि माप घरी ठेवून सत्तेत गेलेला आपला माणूस, हाती सत्ता असूनही, मोजू शकत नाही.

मग शुद्धतेचाच मार्ग खरा मानावा काय? तोही तपासून पाहू. १९८९ पासून निवडणूक कायद्याच्या कलम २९अ प्रमाणे नोंदणी करू इच्छिणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवादाशी निष्ठा लिहून द्यावी लागते. महाराष्ट्रातील स्वतंत्र पक्षाच्या निष्ठावंतांनी, ज्यांत एस. व्ही. राजू प्रमुख होते, ही खोटी शपथ घेण्यास नकार दिला आणि १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. आम्ही त्यांना मनःपूर्वक नमस्कार करतो. मनात एक व कागदावर दुसरे, असे त्यांनी केले नाही. पण ती याचिका वर्षानुवर्षे निकालाविना पडून राहिली आणि त्यांचे चिन्ह मतपत्रिकेवर आले नाही.

परदेशातही हाच अनुभव आहे. अमेरिकेत १९७१ मध्ये स्वतंत्रतावादी पक्ष स्थापन झाला. सरकार अगदी लहान असावे की मुळीच नसावे, ह्या वादात तो फुटू लागला, तेव्हा १९७४ मध्ये डॅलस येथे ह्या प्रश्नावर पक्षाने बोलूच नये असा समझोता झाला. २०१६ मध्ये त्याच्या अध्यक्षीय उमेदवाराला सुमारे ४५ लाख मते पडली, शेकडा तीनहून थोडी अधिक. तरीही त्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आजवर एकही सदस्य अमेरिकेच्या संसदेत गेलेला नाही. १९८८ मध्ये त्याचेच अध्यक्षीय उमेदवार असलेले रॉन पॉल संसदेत बसले ते रिपब्लिकन पक्षाच्या तिकिटावर; पण तेथे बसूनही खर्चवाढीच्या प्रस्तावांना ते एकटेच 'नाही' म्हणत राहिले.

आमच्या मराठी मुलखात ह्याच जातीचा पुरुष होऊन गेला. शरद जोशी यांनी १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी केली आणि १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष. स्वतःच्या बळावर दिल्ली गाठता येत नाही हे पाहून २००४ मध्ये ते शिवसेना व भारतीय जनता पक्षाच्या पाठिंब्याने राज्यसभेत गेले. शुद्धतावाद्यांनी तेव्हाही कपाळावर आठ्या घातल्या. पण तेथे जाऊन त्यांनी काय केले ते पाहावे. २००५ मध्ये त्यांनी पक्षनोंदणीच्या कायद्यातील समाजवादाचा शब्द वगळण्याचे खाजगी विधेयक आणले. ते मंजूर होणार नव्हते व झालेही नाही. पण प्रश्न सभागृहाच्या दप्तरात नोंदला गेला. पुढे ९ मार्च २०१० रोजी महिला आरक्षणाच्या विधेयकावर मतदान झाले. बाजूने १८६ मते पडली, विरोधी एकच. आणि ते एक मत जोशींचे होते. ज्या भारतीय जनता पक्षाने त्यांना निवडून दिले, त्याने विधेयकाला पाठिंबा दिला होता. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे विशाल अधिवेशन भरविणाऱ्या आणि लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांना पत्नीच्या नावे जमीन करून द्यावयास लावणाऱ्या माणसावर स्त्रीद्वेषाचा आरोप टिकणार नाही. आरक्षणाची रीत त्यांना मान्य नव्हती, एवढेच. त्यांचे मत बरोबर होते की चूक, ह्यावर आमच्या वाचकांत मतभेद होतील. आमच्या घरातही आहेत. परंतु जागेचा सौदा त्यांनी केला आणि मताचा केला नाही, ह्यावर मतभेद होऊ नये.

आपल्या धर्मात हा पेच फार पूर्वी सोडविलेला आहे. साधूला महाव्रत आणि गृहस्थाला अणुव्रत, अशी दोन व्रते आचार्यांनी सांगितली. गृहस्थाने साधूसारखे सर्वस्व सोडावे अशी अपेक्षा त्यांनी ठेवली नाही. तसे असते तर पेढ्या ओस पडल्या असत्या. पण अणुव्रत म्हणजे ढिले व्रत नव्हे. त्याची मर्यादा लहान असते. ती आधी ठरवावी लागते, उच्चारावी लागते, आणि एकदा घेतली की काटेकोर पाळावी लागते. व्रतातल्या दोषांच्याही पायऱ्या आहेत: अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार आणि अनाचार. पहिल्या तिन्हींत व्रत मलिन होते, पण प्रतिक्रमणाने धुता येते. अनाचारात ते मोडते. राजकीय पक्ष हा गृहस्थ आहे, साधू नव्हे. त्याने सोबती जोडावेत, जागा वाटून घ्याव्यात, आज दहा मागून चारावर थांबावे. ह्यात फार तर अतिचार घडेल. पण काय विकावयाचे नाही हे आधी उच्चारलेच नसेल, तर व्रत मोडले केव्हा हेदेखील कळत नाही. १९७१ मध्ये नेमके हेच घडले.

सुरतेच्या बाजाराला ही रीत नवी नाही. १८४४ मध्ये सरकारने मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया केला, तेव्हा शहर पेटून उठले आणि सरकारला काही पावले मागे घ्यावी लागली. १८४८ मध्ये बंगाली वजने व मापे सुरतेवर लादण्याचा घाट घातला गेला. व्यापाऱ्यांनी कारभार बंद ठेवला आणि ती आज्ञा रद्द झाली. दोन्ही वेळी मागणी एकच व स्पष्ट होती. अलीकडचा अनुभवही हेच सांगतो. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराविरुद्ध सुरतेचा कापडबाजार दीर्घकाळ बंद राहिला. करच नको, ही मागणी मान्य होणे शक्य नव्हते, कर राहिला. परंतु त्याच वर्षी ऑक्टोबरात कृत्रिम सुतावरील दर अठरावरून बारा टक्क्यांवर आला. डिसेंबर २०२१ मध्ये कापडावरचा दर पाचावरून बारा टक्के करू नये, एवढीच मागणी सुरतेसह देशातील बाजारांनी लावून धरली, आणि ३१ डिसेंबरला करपरिषदेने ती वाढ स्थगित केली. मर्यादित मागणीवर ठाम राहिले की पदरात काही पडते.

येथवर सारे अनुकूल लिहिले. आता थोडे कटू लिहिणे आमचे कर्तव्य आहे. व्यापारी मंडळी सरकारकडे जी निवेदने देतात त्यांत दोन प्रकारच्या मागण्या असतात: सवलत आणि मोकळीक. सवलत एकाला मिळते, मोकळीक सर्वांना. सूत परदेशातून विनाजकात यावे, परंतु कापड येऊ नये; आपल्या मालावरचा कर कमी व्हावा, शेजारच्या मालावरचा तसाच राहावा; आपल्याला परवाना मिळावा, आणि नव्या माणसाला तो सहज मिळू नये. अशा मागण्या करताना आपण भाव कमी करून मागत नसतो. आपण आपल्यापुरता गज लांब करून मागत असतो. लायसन्स राजाचा जाच व्यापाऱ्यांनी पुष्कळ सोसला हे खरे, पण हाती आलेल्या परवान्याच्या आडोशाला नफा खाऊन स्वस्थ बसलेलेही थोडे नव्हते. स्वतंत्र पक्षाला व्यापाऱ्यांनी मते दिली, सभांना टाळ्या दिल्या. पण जेथे कोटा मिळे तेथे देणगी पोहोचविण्याचे अनेकांनी सोडले नाही. मापाच्या बाबतीत नेत्यांनाच तेवढा दोष देणे न्याय्य होणार नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. यापुढे कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराला पाठिंबा देण्यापूर्वी, किंवा कोणत्याही मंत्र्याकडे शिष्टमंडळ नेण्यापूर्वी, आपल्या कार्यकारिणीने एका कागदावर दोन रकाने आखावेत. एकात, ज्यांवर घासाघीस करता येईल अशा गोष्टी लिहाव्यात: दर, मुदत, कागदपत्रांची कटकट. दुसऱ्यात, काही झाले तरी मागावयाच्या किंवा विकावयाच्या नाहीत अशा दोन किंवा तीन गोष्टी असाव्यात. दुसरा रकाना जितका लहान तितका तो पाळणे सोपे. तो कागद सर्व सभासदांना वाचून दाखवावा, आणि वर्षअखेर, संवत्सरीच्या सुमारास, पुन्हा काढून ताडून पाहावा. कोठे अतिचार घडला असेल तर तो मोकळेपणाने मान्य करावा. तडजोड कोणाशी व किती करावी हे प्रसंग ठरवील. परंतु त्या दुसऱ्या रकान्यात काय लिहावयाचे, हे कोणताही प्रसंग येण्यापूर्वी आपणच ठरवावयाचे आहे.